काढलेला मास्तर म्हणणाऱ्यांना

शाळा उघडायच्या दिवशी सकाळी अकरा वाजता परशराम आमच्या बेळगावच्या शाळाखात्याच्या कचेरीच्या खिडकीशी येणार, हे सोळा वर्षं ठरलेलं होतं. धुतलेलं धोतर, काळा कोट, डोक्याला रुमाल आणि हातात घडी घातलेला अर्ज. अर्ज खिडकीतून आत सरकवायचा, पोच घ्यायची, मला नुसतं “बरं हाईस न्हवं?” म्हणायचं आणि चालत अनगोळला परत जायचं. यंदा अकरा वाजले, साडेअकरा वाजले… मी समोरच्या कागदाची एक ओळ चारदा वाचली आणि चारदा विसरलो. बाराच्या सुमाराला त्याचा पुतण्या सायकलवरून आला. घामाघूम झालेला. “काका, आप्पा गेलं सकाळी. तुमास्नी सांगून ये म्हणाली काकी,” एवढंच बोलला. मी खिडकी लावून घेतली आणि साहेबाला न विचारता उठून चालू लागलो. वीस वर्षांच्या नोकरीत असं पहिल्यांदाच केलं.

तिसऱ्या आठवड्यात अनगोळात देवळाच्या पटांगणात शोकसभा झाली. शहरातले एक वजनदार गृहस्थ बोलायला आले होते. चांगलं बोलत होते. मास्तरांचं इंग्रजी, मास्तरांचा साधेपणा वगैरे. आणि मग म्हणाले, “काही कारणानं त्यांना सेवेतून दूर व्हावं लागलं, परंतु…” काही कारणानं! अहो, कारण म्हणजे काय गळू आहे होय, फडक्यानं झाकून ठेवायला? माझ्या मागं बसलेला एकजण शेजाऱ्याच्या कानाला लागला, “कोर्टात काय तरी झालतं म्हणं. काढलेला मास्तर त्यो.” माझ्या टाळक्यात तिडीक गेली. मी उठून उभा राहिलो. सगळ्यांनी माना वळवल्या… आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली. मी खाली बसलो. त्या दिवसापासून अन्न गोड लागत नाही. सभेत जे बोलता आलं नाही ते म्हणून इथं लिहितोय. त्या ‘काही कारणा’तलं कारण मला माहीत आहे. ते कारण माझ्याच हातानं लिहिलेलं आहे.

परशराम आणि मी दोघंही अनगोळचे. शेताच्या बांधाला बांध, शाळेत एकाच बाकावर पाच वर्षं. तो पुढं मॅट्रिक झाला, मी इंग्रजीत आपटलो. त्याला इंग्रजी शब्दांचा नाद होता आणि मला त्याच शब्दांची धास्ती. मी एका शब्दाला एक अर्थ असा पाठ करायचो, गणपतीला एक सोंड तसा. तो डोक्याला हात लावायचा. “शब्द एकटा धरायचा न्हाय रं कल्ल्या,” म्हणायचा, “त्येच्या शेजारी कोण बसलंय ते आधी बघायचं.” मला ते कधी जमलं नाही. तो ट्रेनिंग करून नंदगडच्या अलीकडच्या एका खेड्यात मास्तर झाला, आणि मी कुणाच्या तरी वशिल्यानं शाळाखात्याच्या कचेरीत हंगामी कारकून. म्हणजे ज्याला इंग्रजी येत होतं तो खेड्यात फळ्यापुढं, आणि ज्याला येत नव्हतं त्याच्या हातात सगळ्या मास्तरांची सर्व्हिस बुकं. सरकारचा कारभार हा असा!

पण त्या फळ्यापुढं तो काय शोभायचा! एकदा मी कचेरीच्या कामाला त्या बाजूला गेलतो, तेव्हा त्याच्या वर्गात मागं जाऊन बसलो होतो. चौथीची पोरं. शेणानं सारवलेली जमीन, कौलातून ऊन खाली आलेलं. तो शुद्धलेखन घालत होता आणि एकेका ऱ्हस्व-दीर्घासाठी असा अडून बसत होता की जणू पोराच्या घरचा उंबराच मोडलाय. कुणाला मारलं नाही, कुणावर ओरडला नाही. नुसता पाटीवर बोट ठेवून उभा राहायचा, पोराला स्वतःची चूक दिसेपर्यंत. निघताना मला म्हणाला, “मला हितनं हलवू नकोस बाबा. तुझ्या कचेरीत बदलीचा कागुद आला तर दडवून ठेव.” ह्यापलीकडं त्या माणसाला आयुष्यात काही नको होतं.

मग कायदेभंगाची धामधूम आली. त्या गावच्या चावडीवर कुणीतरी सारा भरू नका म्हणून एक कागद चिकटवला. पोलिसांनी डोकं लढवलं, की गावात असं वळणदार लिहिणारा माणूस कोण? मास्तर. धरा मास्तरला. खटला उभा राहिला तेव्हा मी रजा काढून कोर्टात गेलो होतो. मॅजिस्ट्रेटनं तो कागद त्याच्या हातात दिला आणि विचारलं, हे तुमचं अक्षर का? परशरामनं चष्मा लावला, कागद वरपासून खालपर्यंत वाचला, आणि म्हणाला, “साहेब, ह्यात शुद्धलेखनाच्या सहा चुका आहेत. माझ्या चौथीतला पोरगासुद्धा असं लिहिणार नाही.” सगळं कोर्ट हसलं. मॅजिस्ट्रेटही हसला. पुरावा म्हणून दुसरं काहीच नव्हतं. खटला पुढं चालवण्याजोगंच काही नाही असं म्हणून त्यानं पहिल्याच तारखेला आरोपीला सोडलं, आणि हुकमाच्या शेवटी इंग्रजीत लिहिलं, ‘ॲक्यूज्ड डिस्चार्ज्ड.’ म्हणजे आरोपी आरोपातून मोकळा. आम्ही दोघं बाहेर येऊन पोटभर मिसळ खाल्ली. सोमवारी शाळेत जायचं म्हणून तो त्याच दुपारी गावाला निघालासुद्धा.

त्या हुकमाची नक्कल आठ-दहा दिवसांनी आमच्या कचेरीत आली. हेडक्लार्क जेवायला उठले होते. जाता जाता माझ्यापुढं कागद टाकून म्हणाले, “सर्व्हिस बुकात चढव.” मी वाचलं आणि अडलो. “रावसाहेब, डिस्चार्ज म्हणजे?” ते जिन्यात थांबून हसले. “अरे, बेळगावात राहून डिस्चार्ज म्हणजे काय विचारतोस? कँपात जाऊन विचार की! पलटणीतनं माणूस घरी पाठवला की डिस्चार्ज.” आणि खरंच की हो. आमच्याकडं घरटी एक माणूस पलटणीत. माझ्याच चुलत्याचा डिस्चार्जचा कागद पत्र्याच्या ट्रंकेत दागिन्यासारखा जपून ठेवलेला. लहानपणापासून ऐकत आलेला शब्द. नोकरी संपली, गडी घरी आला, की डिस्चार्ज. तेव्हा मी दौतीत टाक बुडवला आणि परशरामच्या पानावर लिहिलं, ‘डिस्चार्ज्ड फ्रॉम सर्व्हिस.’ नोकरीतून कमी. कोर्टानं एकच शब्द लिहिला होता. नोंद पुरी दिसावी, साहेबानं शाबास म्हणावं, म्हणून ‘फ्रॉम सर्व्हिस’ हे शेपूट मी आपल्या अकलेनं जोडलं. मित्राची नोकरी गेली म्हणून मला वाईटही वाटलं, खोटं सांगत नाही. पण कोर्टानंच काढलं म्हटल्यावर आपण काय करणार! कोर्ट कधी मास्तराला नोकरीतून काढतं का, एवढा साधा प्रश्न त्या कचेरीतल्या एकाही डोक्याला पडला नाही. साहेबानं न बघता सही ठोकली. त्याच संध्याकाळी मेमो टपालात पडला. तोही माझ्याच अक्षरातला.

तिसऱ्या दिवशी परशराम मेमो घेऊन आला. तो थेट साहेबाच्या खोलीत गेला, आणि मधलं दार उघडं होतं म्हणून मला सगळं ऐकू आलं. साहेब गोरा नव्हता बरं का. आपल्यातलाच, घरी मराठी बोलणारा. म्हणून तर अजून जळफळाट होतो. परशराम शांतपणे सांगत होता की साहेब, हा शब्द कोर्टाचा आहे, त्याचा अर्थ आरोपातून मोकळं करणं. बंदूक उडते तेव्हाही डिस्चार्ज, माणूस कर्तव्य पार पाडतो तेव्हाही डिस्चार्ज. प्रत्येक ठिकाणी मी नोकरीतून निघालो असा अर्थ घेणार का? साहेब म्हणाला, “कोर्टानं डिस्चार्ज्ड लिहिलंय की नाही?”

“लिहिलंय. पण आरोपातून.”

“कशातून ते कोर्टानं लिहिलेलं नाही. ते आम्ही लिहिलं. शब्द तोच आहे ना?”

शब्द तोच आहे ना! ऐकलंत? उद्या कुणी बापाला आणि बोक्याला ‘ब’नं सुरू होतात म्हणून एकाच दाव्याला बांधेल, आणि म्हणेल अक्षर तेच आहे ना. खरी गोम दुसरीच होती. परशराम गेल्यावर साहेब हेडक्लार्कला म्हणाला ते मी ऐकलं. नोंद खोडायची तर वरच्यांना कळवावं लागणार, वरचे विचारणार चूक कुणी केली, आणि सही तर साहेबाची. बस्स. एका माणसाची सही वाचावी म्हणून दुसऱ्या माणसाचा जन्म गेला तरी चालेल! आणि मी? मी दोन हात अंतरावर रजिस्टरात तोंड खुपसून बसलो होतो. हंगामी होतो, पोटाला पोरं होती, ही कारणं मी तेव्हा स्वतःला दिली. बाहेर पडताना परशराम माझ्या टेबलापाशी थांबला. हातातल्या मेमोकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. “येतो रं,” म्हणाला आणि गेला.

मग सुरू झाली फरफट. निपाणीच्या एका शाळेला इंग्रजीचा मास्तर हवा होता. त्यांनी त्याला वर्गावर उभं करून बघितलं, खूश झाले, आणि मग जुन्या नोकरीचा दाखला मागितला. दाखल्यात माझे ते तीन शब्द. संपलं. संकेश्वरला तेच झालं. एका ठिकाणी तर त्याला तोंडावर विचारलं, “मास्तर, काय भानगड केलतासा?” त्यानं कोर्टाच्या हुकमाची नक्कल खिशातून काढून दाखवली, तर ती वाचून ते गृहस्थ म्हणाले, “ह्यातबी डिस्चार्जच लिवलंय की.” काय बोलायचं ह्या लोकांपुढं? कपाळ फोडून घ्यायचं! शेवटी त्यानं निपाणीला तंबाखूच्या एका वखारीत इंग्रजी पत्रं लिहायचं काम धरलं. सहा वर्षं त्या धुरळ्यात बसला. खोकला तिथला. ज्या छातीतून चौथीच्या पोरांना कविता म्हणून दाखवायचा, ती छाती तंबाखूच्या भुकटीनं भरून तो अनगोळला परत आला आणि वडिलांची भाताची जमीन बघू लागला. पण दर वर्षी, निपाणीहून यावं लागलं तरी, शाळा उघडायच्या दिवशी अर्ज चुकला नाही. आणि अर्जात मागणं एकच. आपली नोंद दुरुस्त व्हावी आणि आपणास कोणत्याही खेड्यातील कोणत्याही वर्गावर पाठवावे. प्रत्येक अर्जावर आमच्या कचेरीचा शेरा, ‘दप्तरी दाखल.’ तो शेरा मारणारा हातही पुढं पुढं माझाच झाला, कारण तोवर मी कायम झालो होतो.

दुसरं महायुद्ध लागलं आणि अनगोळातल्या पोरांची रांग पलटणीत गेली. त्यांची इंग्रजी कागदं घरी येऊ लागली, आणि गाव झक मारत परशरामच्या घरी, पुढच्या सोप्यात येऊ लागलं. मागं ‘काढलेला मास्तर’ म्हणणारेच कागद घेऊन पुढं! त्यानं कधी कुणाला परत पाठवलं नाही. एकदा यल्लूबाई नावाची म्हातारी गूळ वाटत आली. तिचा मुलगा लांब कुठंतरी पलटणीच्या इस्पितळात होता. कुणीतरी शहाण्यानं तिचा कागद वाचून सांगितलं होतं, की डिस्चार्ज लिहिलंय, पोरगा घरी येणार. मी तिथंच बसलो होतो. परशरामनं कागद वाचला आणि त्याचा चेहरा पडला. मुलाच्या कानातून पू येत होता. डॉक्टरनं लिहिलं होतं, कानातून डिस्चार्ज. म्हातारीला कसं सांगायचं? त्यानं तिला बसवलं, पाणी दिलं, आणि म्हणाला, “आक्का, पोरगं खुशाल हाय, कान फुटलाय जरा. यायला येळ लागंल. हा शब्द लई लबाड हाय बघ, मलाबी फसवलंय त्येनं.” म्हातारी गुळाचा खडा हातात घेऊन तशीच बसून राहिली. मी खाली मान घालून वाटीतला गूळ खात होतो. मला लाज नव्हती असं नाही. पण लाजेनं तोंड उघडत नाही, उलट आणखी बंद होतं, हे मी अनुभवानं सांगतो.

यंदाच्या उन्हाळ्यात त्याला इस्पितळात घातलं. पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता घरी न्या, इथं ठेवून काही उपयोग नाही. मी कागद घेऊन खाटेपाशी गेलो. सकाळची वेळ होती, वैनी गाठोडं बांधत होत्या. तो म्हणाला, “वाच की.”

“डिस्चार्ज्ड,” मी म्हणालो.

“कशातनं?”

“इस्पितळातनं.”

“तसं लिवलंय?”

“न्हाय… नुसतंच लिवलंय.”

“मग फुडं तू काय लिवू नगंस म्हंजे झालं,” तो म्हणाला आणि हसला. हसता हसता खोकल्याची उबळ आली. वैनींनी पाठ चोळली. वैनी पाणी आणायला गेल्यावर मी विचारलं, तुला ठाऊक होतं? तर म्हणाला, “पाच वर्सं एका बाकावर बसलोय. तुझं अक्षर मला वळखू येत न्हाय व्हय रं?” मी म्हणालो, मग इतकी वर्षं बोलला का नाहीस? त्यावर म्हणाला, “तू बोलशील म्हणून वाट बघितली.”

मी तेव्हाही बोललो नाही. साहेबाकडं जाऊन चूक माझी, एवढं म्हणायला मला एक महिना मिळाला होता. शाळा उघडेपर्यंत करू, बदलीचा हंगाम आटपला की करू, असं मी म्हणत राहिलो. दुसऱ्यांना शिव्या घालणं सोपं, पण त्या साहेबानं एकदाच सही केली आणि पुढच्याच वर्षी बदलून गेला. रोज त्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली कमरेला लावून हिंडणारा मी होतो.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी मी नव्या साहेबापुढं उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. हा साहेब तरुण आहे, खादीची टोपी घालतो, येत्या ऑगस्टातल्या स्वातंत्र्याच्या झेंडावंदनाची तयारी करतोय. मला वाटलं, हा तरी ऐकेल. तो म्हणाला, “माणूस गेला, आता कशाला उकरून काढताय? आणि मयताचं पुस्तक दुरुस्त करायची तरतूदच नाही.” टोपी बदलली, खुर्ची तीच. मी म्हणालो, जिवंत होता तेव्हा अर्ज दप्तरी दाखल केले, मेला तर तरतूद नाही, मग मास्तरानं नेमकं कोणत्या दिवशी यायचं होतं? त्यानं मला बाहेर जायला सांगितलं. मी बाहेर आलो, कपाट उघडलं, परशरामचं पुस्तक काढलं आणि टेबलावर ठेवून त्या पानावर लिहायला बसलो. शिपाई बसाप्पा जवळ येऊन पुटपुटला, “बिडरी रावसाब,” म्हणजे जाऊ द्या हो. मी म्हणालो, सोळा वर्षं जाऊच दिलंय. साहेबाच्या सहीशिवाय सरकारी पुस्तकात लिहिणं हा गुन्हा आहे, मला माहीत आहे. चौकशी बसेल. बसू दे.

तिथून उठून अनगोळला गेलो आणि वैनींना सगळं सांगितलं. ते अक्षर माझं होतं हेही सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबले. म्हणाल्या, “इतकी वर्सं ह्या सोप्यात बसून माझ्या हातचा चा पिलासा की हो भावजी.” मी उठायला लागलो तर सूप बाजूला सारून म्हणाल्या, “आन् हे मला सांगून काय व्हणार हाय? मला ठावंच होतं त्यांनी काय केल्यालं न्हाय. ज्यांनी माझ्या लेकीला काढलेल्या मास्तराची पोर म्हणून दोन ठिकाणांहून परत पाटीवलं, त्यांस्नी सांगा. गावाला सांगा.”

तर गावकऱ्यांनो, निपाणीच्या आणि संकेश्वरच्या शाळावाल्यांनो, आणि ‘काही कारणानं’वाले वक्ते महाशय, तुम्हीही ऐका. पुस्तकातल्या त्या पानावर आता असं लिहिलेलं आहे:

“परशराम नागाप्पा हलगेकर, शिक्षक. यांस कोर्टाने आरोपातून मोकळे केले. नोकरीतून यांस कोणीही, कधीही कमी केलेले नव्हते. वरील नोंदीतील ‘फ्रॉम सर्व्हिस’ हे दोन शब्द कोर्टाचे नसून माझ्या पदरचे आहेत. कल्लाप्पा अनगोळकर, कारकून.”